‘तो तिथे होता, पण त्याने मारले नाही’
(कायदा आणि कुटुंब : वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे)

प्रश्न : वकीलताई, सप्रेम नमस्कार. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. तीन एकर कोरडवाहू जमीन आणि दोन म्हशी एवढाच आमचा प्रपंच आहे. २०२२ च्या मार्च महिन्यात क्रिकेटच्या सामन्यावरून शेजारच्या वस्तीतल्या मुलांशी भांडण झाले आणि त्याच संध्याकाळी आमच्या गावातली चार मुले दोन मोटारसायकलींवरून जाब विचारायला गेली. त्यांच्यातल्या एकाने शर्टाखाली कोयता नेला होता. त्याचे दोन वार बसून समोरचा मुलगा गेला. माझा मुलगा त्या चौघांत होता आणि एक गाडी तोच चालवत होता. कोयता असल्याचे आपल्याला माहीत नव्हते, आपण सोडवासोडवी करत होतो, असे तो मला पहिल्या दिवसापासून सांगत आला आहे. एका साक्षीदाराने मात्र ‘याने मयताचे हात धरले’ असे कोर्टात सांगितले. चौघांच्या घरच्यांनी खर्च वाटून घेऊन एकच वकील दिला होता आणि ‘आमची मुले तिथे नव्हतीच’ असे म्हणायचे ठरले होते. सत्र न्यायालयाने कलम ३०२ सह ३४ खाली चौघांनाही जन्मठेप दिली. निकाल लागून दोन महिने आणि बारा दिवस झाले. कोयता चालवणाऱ्याइतकीच शिक्षा माझ्या मुलाला कशी काय? तो तेव्हा कागदावर अठरा पूर्ण होता; खरे तर तो दिवाळीनंतरचा, पण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावली. तो नववीतच शाळेतून निघाला. धाकट्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. दुकानात गेले तर बायका बोलायच्या थांबतात. गेलेल्या मुलाची आई बाजारात समोर आली की मी मान खाली घालते. आता आम्ही काय करावे?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. आधी तातडीचे सांगते. सत्र न्यायालयाच्या जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ६० दिवसांची असते. ती तुमच्या हिशेबाने उलटून गेली आहे. पण निकालाची नक्कल मिळायला जे दिवस लागले असतील ते त्यातून वजा होतात, आणि त्यापुढचा उशीर योग्य कारण दाखवून माफ करून घेता येतो. गरिबी, कागद हाती नसणे आणि मुलगा तुरुंगात असणे ही कारणे न्यायालये समजून घेतात. म्हणून घाबरू नका, मात्र आता एक दिवसही वाया घालवू नका. निकालपत्राची एक प्रत शिक्षा झालेल्या माणसाला मोफत मिळते, ती तुमच्या मुलाला मिळाली आहे का हे पुढच्या मुलाखतीत विचारा. तो कारागृहात आहे, एवढ्या एकाच कारणावरून उत्पन्नाचा दाखला न देताही त्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. वकील मिळेपर्यंत थांबायचे नसेल, तर मुलगा स्वतः कारागृह अधीक्षकांच्या हाती अपिलाचा अर्ज देऊ शकतो आणि तो उच्च न्यायालयाकडे पाठवणे हे अधीक्षकांचे काम असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३४ ने नवा गुन्हा निर्माण केलेला नाही. अनेकांनी मिळून, सर्वांचा समान इरादा तडीस नेण्यासाठी एखादे कृत्य केले, तर ते प्रत्येकाने एकट्याने केले असे धरायचे, एवढेच ते कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ३ च्या पाचव्या पोटकलमात हीच तरतूद आली. तुमच्या मुलाच्या प्रकरणातली घटना त्याआधीची असल्याने त्याला जुना कायदाच लागतो. ही तरतूद मुळात अन्यायाची आहे असे मला वाटत नाही. दरवाजावर पहारा देणारा, गाडी चालू ठेवून थांबणारा आणि आत जाऊन गोळी झाडणारा हे तिघे ठरवून आले असतील, तर पहारेकऱ्याला ‘तू गोळी झाडली नाहीस’ म्हणून सोडता येत नाही. कलकत्त्याच्या एका टपाल कार्यालयावरच्या दरोड्यात पोस्टमास्तरांचा खून झाला होता, त्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळात आपल्याकडच्या अपिलांसाठी लंडनमध्ये असलेल्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९२५ साली हेच सांगितले आणि ते आजही बरोबर मानले जाते.

अडचण पुढे येते. पोलिसांच्या कागदात ‘आरोपींनी संगनमत करून’ हे शब्द इतक्या सवयीने लिहिले जातात की ते सिद्ध करायचे आहेत हेच पुढे विसरले जाते. चार मुले एकत्र गेली, एकत्र परतली, म्हणजे चौघांचा इरादा एकच, असा उतार धरून निकाल खाली घसरत जातो. कायद्याने विचारायचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मुले कशासाठी गेली होती? दमदाटी करायला, दोन थपडा मारायला, की जिवे मारायला? आणि तो इरादा चौघांचा केव्हा झाला? तुमच्या गावात जेव्हा गाड्यांना किक मारली तेव्हा, की कोयता बाहेर निघाला त्या क्षणी? इरादा जागच्या जागी, काही क्षणांतही जुळू शकतो, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. पण तो जुळला हे पुराव्यावरून दिसले पाहिजे.

या बाबतीत मला दरवेळी एक जुने प्रकरण आठवते. फाळणीपूर्व पंजाबात सिंधू नदीच्या काठी काही माणसे होडीतून बोरू कापायला गेली होती. परतताना जमीनमालकाच्या बाजूच्या एका तरुणाने त्यांना अडवले, झटापट झाली, त्याला बांबूचा तडाखा बसला आणि त्याने मदतीसाठी हाक मारली. हाक ऐकून दोघे बंदुका घेऊन धावत आले. एकाच्या गोळीने होडीतला एक जण मेला, दुसऱ्याच्या गोळीने आणखी एक जण जखमी झाला. ज्याच्या गोळीने खून झाला तो फरार झाला, आणि दुसऱ्याला, महबूब शाह नावाच्या १९ वर्षांच्या मुलाला, कलम ३०२ सह ३४ खाली फाशी सुनावण्यात आली. लाहोरच्या उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९४५ साली प्रिव्ही कौन्सिलने खुनाची ती शिक्षा रद्द केली. दोघे आपल्या माणसाला सोडवायला धावले होते, मारायचे असे दोघांनी मिळून ठरवल्याचा पुरावा नव्हता, असे न्यायमूर्तींनी म्हटले. सारखा इरादा आणि सामाईक इरादा यांच्यातला पडदा अनेकदा फार पातळ असतो, तरी फरक खरा आहे, आणि तो नजरेआड झाला तर अन्याय होतो, असा त्या निकालाचा आशय आहे. ताई, हा मुलगा तर हातात बंदूक घेऊन आला होता आणि त्याने गोळीही झाडली होती, हे लक्षात घ्या.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य’ या १९५४ सालच्या निकालात हाच धागा पुढे नेला. पाच जणांनी मिळून एका माणसावर शेतात हल्ला केला होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले की अनेक जण एकाच वेळी एकाच माणसावर तुटून पडू शकतात, प्रत्येकाच्या मनात त्याला मारण्याचाच हेतू असू शकतो, आणि तरीही त्यांची मने आधी जुळलेली नसतील तर कलम ३४ लागत नाही. मग प्रत्येकाने आपापल्या कृत्याचे उत्तर द्यायचे. पांडुरंगची फाशी रद्द होऊन त्याला गंभीर दुखापतीसाठी दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. तुमच्या प्रकरणात अपिलाचा खरा मुद्दा इथे सापडू शकेल. ‘सर्वस्वी निर्दोष’ आणि ‘खुनी’ यांच्या मध्ये कायद्यात बऱ्याच पायऱ्या आहेत. मुले मारहाणीच्या इराद्याने गेली होती आणि एकानेच परस्पर कोयता काढला असे पुराव्यातून दिसले, तर बाकीच्यांचा अपराध दुखापतीचा किंवा सदोष मनुष्यवधाचा ठरू शकतो. जन्मठेप आणि काही वर्षांची शिक्षा यांच्यात तुमच्या मुलाचे सबंध तारुण्य आहे.

म्हणून निकालपत्र हाती आले की ‘दोषी’ हा शेवटचा शब्द पाहून ते ट्रंकेत ठेवू नका. घरात कुणी शिकलेले असेल त्याला शेजारी बसवा, लाल पेन घ्या आणि तुमच्या मुलाचे नाव जिथे जिथे आले आहे तिथे खूण करा. बहुतेक निकालपत्रांत असे दिसते की घटनेच्या वर्णनात नाव एकदोनदाच येते आणि मग ‘सर्व आरोपी’ हे शब्द सुरू होतात. ‘सर्व आरोपी’ म्हणताना न्यायालयाने प्रत्येकाच्या इराद्याबद्दल वेगळे कारण दिले आहे का, हे पाहायचे. त्यानंतर ‘हात धरले’ म्हणणाऱ्या साक्षीदाराकडे या. कलम ३४ च्या प्रकरणांत हात धरल्याचा आरोप वारंवार येतो, कारण सोडवणाऱ्याला मारेकऱ्याच्या बाजूला नेऊन बसवायला तेवढे दोन शब्द पुरतात. घटनेनंतर पोलिसांनी घेतलेल्या त्याच्या पहिल्या जबाबात हे वाक्य होते का? नसेल, आणि दोनतीन वर्षांनी पिंजऱ्यात उभे राहिल्यावर ते पहिल्यांदा आले असेल, तर ती साक्षीत केलेली महत्त्वाची भर आहे. उलटतपासात ही वगळणूक पोलीस अधिकाऱ्याकडून रीतसर सिद्ध करून घेतली आहे का, हेही पाहावे लागेल. त्यासाठी निकालपत्राबरोबर सर्व साक्षींच्या, पंचनाम्यांच्या आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रमाणित नकला न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढून घ्या. झुंबड झाली असेल तर एकाच माणसाने कोण काय करत होते हे कुठून, किती अंतरावरून आणि कोणत्या उजेडात पाहिले, हा प्रश्न साधा वाटला तरी महत्त्वाचा आहे.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत जास्त लागलेले वाक्य वकिलाबद्दलचे आहे. चौघांना मिळून एकच वकील देण्यात तुमचा काही दोष नाही. गावात असेच होते. चार घरे एका संकटात सापडली की एकीने राहायचे, फुटायचे नाही, असे वडीलधारी सांगतात आणि पैशाचा प्रश्नही असतोच. पण सामाईक इराद्याच्या खटल्यात ही एकी धाकट्याच्या गळ्याशी येते. ‘कोयता त्याचा होता, मला ठाऊक नव्हते, मी अडवत होतो’ हा तुमच्या मुलाचा बचाव आहे आणि तो मांडला की कोयतेवाल्यावर बोट जाते. दोघांचे वकीलपत्र एकाच वकिलाकडे असेल तर त्याने हे कसे मांडावे? मग चौघांसाठी सोयीचा एकच बचाव उरतो : कोणी तिथे नव्हतेच. तो बचाव साक्षीदारांपुढे टिकला नाही आणि तुमच्या मुलाची खरी हकीकत न्यायालयापुढे कधी आलीच नाही. अपिलात तुमच्या मुलासाठी स्वतंत्र वकील असलाच पाहिजे, मग बाकीची तीन घरे रागावली तरी चालेल. तुम्ही विचाराल की आता उशीर झाला का. अपील झालेल्या पुराव्यावरच चालते, नवी हकीकत सहसा त्यात घालता येत नाही, हे खरे. परंतु आरोपीने चुकीचा बचाव घेतला म्हणून सरकार पक्षाचे ओझे हलके होत नाही. समान इरादा सिद्ध करण्याची जबाबदारी शेवटपर्यंत सरकार पक्षाचीच राहते, आणि सरकारच्याच साक्षीदारांच्या तोंडून जे बाहेर आले आहे त्याचा आधार नवा वकील घेऊ शकतो.

अपिलाबरोबरच शिक्षेला स्थगिती आणि जामीन यांचाही अर्ज करावा. जन्मठेपेच्या प्रकरणात सरकारी वकिलांचे म्हणणे ऐकल्याशिवाय तो मंजूर होत नाही आणि सहजासहजी तर होतच नाही. तरी कोणाचा वार होता, कोणाचा नव्हता, मुलाचे वय काय, खटला चालू असताना तो जामिनावर असेल तर त्याने शर्ती पाळल्या का, हे त्यात पाहिले जाते.

आता १ जूनबद्दल सांगते. तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे, पण माझी नजर तिथेच अडली. आपल्या खेड्यापाड्यांत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण पोराला पहिलीत बसवताना गुरुजी वय जुळवून तारीख टाकत. घटनेच्या दिवशी तुमचा मुलगा खरोखर अठराच्या आत असेल, तर ते सांगण्याची वेळ अजून गेलेली नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यानंतरसुद्धा, मांडता येतो. आणि तो मान्य झाला तर दिलेली शिक्षा निष्प्रभ ठरून प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. तो लगेच घरी येईल असे मात्र समजू नका, कारण सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलाच्या बाबतीत खुनासारख्या गुन्ह्यात मंडळ वेगळी तपासणी करते. वयासाठी आधी शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा अथवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी होते. नुसता शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे जन्मतारखेचा दाखला नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे; मुलगा नववीत निघालेला असल्याने हा मुद्दा तुमच्या उपयोगी पडेल. ग्रामपंचायतीचे जन्मनोंदीचे जुने रजिस्टर, अंगणवाडीची वही आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची बाळंतपणाची नोंद शोधा. आता नव्याने नोंद करून दाखला आणण्याचा मार्ग कुणी सुचवला तर त्याच्या नादी लागू नका. खटल्यानंतर तयार झालेल्या कागदावर न्यायालय विश्वास ठेवत नाही, आणि तो खोटा ठरला तर मुलाचे उरलेले म्हणणेही बुडते.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे गावात सांगतात. तसे नाही. ‘गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६१ च्या निकालापासून जन्मठेप म्हणजे उर्वरित आयुष्य हाच अर्थ पक्का आहे. चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय खुनाच्या कैद्याला मुदतपूर्व सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे लोक ज्यांना फर्लो आणि पॅरोल म्हणतात त्या, नियमाप्रमाणे मिळू शकतात. त्यांसाठी वर्तणुकीची नोंद चांगली राहायला हवी, हे मुलाला मुलाखतीत जरूर सांगा. बाकीच्या तिघांबद्दल मुलाखतीच्या जाळीपाशी बोलू नका. साक्षीदारांच्या घरी तर तुम्ही किंवा तुमच्यातर्फे दुसऱ्या कुणी पाऊल टाकू नये.

गेलेल्या मुलाच्या आईबद्दल तुम्ही लिहिलेत, म्हणून त्यावरही बोलते. तुमचा मुलगा खुनी नाही असे उच्च न्यायालयाने म्हटले तरी तिचा मुलगा गेलेलाच राहील, आणि तिला तुमच्या अपिलाचा संताप येणार हे तुम्ही धरून चाला. अपील करणे म्हणजे तिच्या दुःखाचा अपमान करणे नव्हे. अपील चालू असेपर्यंत तिच्याशी बोलायला स्वतःहून जाऊ नका. ते दडपण मानले जाईल आणि तिलाही तसेच वाटेल. मान खाली घालावीशी वाटली तर घाला. धाकट्या मुलीला मात्र मान खाली घालायला लावू नका. फिर्यादीत तिचे नाव नाही. तिचे शिक्षण सुटले असेल तर ते याच जूनमध्ये पुन्हा सुरू करा, आणि सोयरीक जुळवताना भावाची गोष्ट आधीच आपल्या तोंडाने सांगा, म्हणजे ती नंतर दुसऱ्याच्या तोंडून वाकडी होऊन पोहोचणार नाही.

प्रश्न : माझा भाऊ २२ वर्षांचा आहे. मिरवणुकीतल्या हाणामारीत सतरा जणांवर गुन्हा दाखल झाला होता. त्यांच्यातल्या अकरा जणांना कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न) सह १४९ खाली शिक्षा झाली आणि भाऊ त्यांत आहे. इंग्लंडमध्ये असलेल्या आतेबहिणीने सांगितले की तिकडे असा कायदा कोर्टाने बदलला. आपल्याकडे तसे होईल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या बहिणीने सांगितले ते खरे आहे, पण अर्धे. इंग्लंडमध्ये एका निकालानंतर, १९८४ पासून, साथीदार असे काही करील याची नुसती कल्पना असली तरी खुनाची शिक्षा होऊ शकत असे. १८ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जोगी नावाच्या आरोपीच्या खटल्यात सांगितले की कायदा इतकी वर्षे चुकीच्या वळणावर होता. कल्पना असणे हा इराद्याचा पुरावा असू शकतो, इराद्याची जागा ते घेऊ शकत नाही. या बदलासाठी शिक्षा झालेल्या मुलांच्या आया-बहिणींनी २०१० पासून संघटना करून पाठपुरावा केला होता. तरीही जुन्या शिक्षा आपोआप रद्द झाल्या नाहीत. मोठा अन्याय झाल्याचे प्रत्येकाला वेगळे दाखवावे लागते आणि तेवढे फार थोड्यांना जमले. स्वतः जोगीची खुनाची शिक्षा रद्द झाली, पण फेरखटल्यात तो सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला.

आपले कलम १४९ (नव्या संहितेत कलम १९०) पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदा जमावाला लागते. फिर्यादीत ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’ असे असते ते हेच. जमावाचे समान उद्दिष्ट साधताना घडलेला गुन्हा, किंवा घडण्याचा संभव जमावातल्यांना माहीत होता असा गुन्हा, प्रत्येकाच्या माथी येतो. यातला दुसरा भाग इंग्लंडच्या जुन्या नियमाच्या जवळ जातो आणि तो आपल्या लिखित कायद्यातच असल्याने न्यायालय तो काढून टाकील अशी आशा धरू नका. तो बदलायचा तर संसदेने बदलावा लागेल, आणि २०२३ साली नवी संहिता करताना संसदेने तो तसाच ठेवला, याचे मला वाईट वाटते.

तुमच्या भावाला आज उपयोगी पडतील असे निकाल आपल्याकडेच आहेत. बलादीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुसते गर्दीत असणे म्हणजे जमावाचा सभासद असणे नव्हे. मिरवणुकीला तर सगळा गावच आलेला असतो. मसाल्ती प्रकरणात १९६४ साली न्यायालयाने हा विचार मर्यादित केला आणि म्हटले की जमावातल्या प्रत्येकाने हात उचलला हे दाखवण्याची गरज नाही, जे तुमच्या विरुद्ध जाते. पण आरोपी आणि साक्षीदार दोन्ही खूप असतील तर ज्याच्याविरुद्ध दोन-तीन साक्षीदार सुसंगत बोलतात त्यालाच दोषी धरण्याची सावधगिरी योग्य, असेही त्याच निकालात आहे. तेव्हा एका कागदावर साक्षीदारांची नावे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे नोंद करा : भावाचे नाव घेतले का, पहिल्या जबाबातही घेतले होते का, त्याच्या हातात काय होते म्हणून सांगितले. सुटलेल्या सहा जणांच्या नावांपुढेही हेच करा. ते कोणत्या कारणाने सुटले, आणि तेच कारण भावाला का लागू पडले नाही, हे निकालपत्रात दिसत नसेल तर तो कागद घेऊन वकिलांकडे जा.